लक्झरी सेडानचे पाच स्टार मुंबई-गोवा हायवेवर किती कामाचे?

आडिवरे_टू_अंधेरी
नमस्कार मंडळी. आमचे दादा यंदा गणपतीच्या आधी सेकंडहँड मर्सिडीज ई-क्लास घ्यायच्या बेतात आहेत, २०१८ ची, डब्ल्यू२१३ म्हणतात ती. मी म्हणतोय नवीन स्कोडा स्लाविया नाहीतर फोक्सवॅगन व्हर्टस घे, त्याच पैशात टॉप मॉडेल येईल आणि वर कलमांच्या बागेला गडगा घालायचे पैसे पण सुटतील. दादांचं एकच पालुपद, मर्सिडीज ती मर्सिडीज, आपटली तरी आतला माणूस जागचा हलत नाही. घरात आई, वहिनी, दोन पोरं, आणि अंधेरी ते राजापूर रस्ता कसा आहे ते तुम्हाला सांगायला नको. विषय फक्त सेफ्टीचा ठेवा, मायलेज आणि सर्व्हिसिंगच्या खर्चावर घरात भांडून झालंय. क्रॅश टेस्टचे रिझल्ट बघून नक्की काय कळतं ते कोणी नीट सांगेल का? यूट्यूबवर सगळे नुसता दरवाजा लावून धप्प आवाज ऐकवतात.

माडाखालचो_म्हातारो
तुझ्या गाडीक पाच स्टार आसत रे बाबा, पण आमच्या रस्त्याक एक तरी आसा काय?

पाना_नंबर_दहा
आजोबांनी पहिल्याच बॉलला सिक्स मारली 😀
दरवाजाचा धप्प आवाज रबराच्या बीडिंगचा आणि आत चिकटवलेल्या डॅम्पिंगच्या पट्ट्यांचा असतो, धडकेशी त्याचा काडीचा संबंध नाही. गॅरेजवर रोज एक तरी गिऱ्हाईक येतं जे बॉनेट अंगठ्याने दाबून म्हणतं पत्रा कागद आहे हो याचा, जुन्या अँबेसिडरचा बघा. अहो बॉनेट मऊच लागतं, चालणाऱ्या माणसाचं डोकं त्याच्यावर आपटणार असतं. गाडीची खरी ताकद वरच्या पत्र्यात नसतेच, ती आतल्या सांगाड्यात.

देवगड_हापूस_ओरिजिनल
पण अँबेसिडर झाडावर आपटली की झाडाला मलम लावायला लागायचं 😂 आताच्या गाड्या साधं रिक्षाने घासलं तरी बंपर हातात.

जयगडची_लेक
मी चाकणला गाड्यांच्या क्रॅश सिम्युलेशनचं काम करते त्यामुळे थोडं लांबण लावते, सहन करा.

देवगडकर दादा, झाडाला मलम लागायचं आणि आतल्याला टाके. गाडी वाकली नाही तर ती जागच्या जागी थांबते, आणि आतला माणूस त्याच वेगात स्टेअरिंगवर जातो. पुढचा भाग चुरगळून वेळ विकत घेतो, सेकंदाचा दहावा भाग असेल, पण तेवढ्याने छातीवरचा मार कितीतरी कमी होतो. असोला नारळ माडावरून पडला तर आतली करवंटी फुटत नाही, सोललेला टाकून बघा. सोडण चुरगळायला हवं आणि करवंटी शाबूत राहायला हवी. ही कल्पना मर्सिडीजच्याच बेला बारेनी नावाच्या इंजिनियरची, पेटंट १९५० च्या दशकाच्या सुरुवातीचं आणि गाडीत आली १९५९ मध्ये. म्हणजे दादा अगदीच हवेत बोलत नाहीयेत.

आता टेस्ट. एनकॅप म्हणजे गाड्या आपटून त्यांना सेफ्टीचे स्टार देणारे कार्यक्रम. त्यातल्या ग्लोबल एनकॅप आणि आपल्या भारत एनकॅपमध्ये समोरची टेस्ट ६४ किमी वेगाने, गाडीच्या रुंदीचा ४० टक्के भाग चुरगळणाऱ्या अडथळ्यावर. ६४ ऐकायला काहीच वाटत नाही ना? हिशोब केला तर १६ मीटर उंचीवरून खाली पडल्याइतका मार आहे तो, उंच माडाच्या शेंड्यावरून म्हणा. आणि १०० च्या स्पीडला मार अडीचपट होतो, दीडपट नाही, कारण वेगाचा वर्ग येतो तिथे. हातखंब्याच्या पुढे मोकळा काँक्रीट मिळाला की १२० ला जाणाऱ्यांनी बंपरवर पाच स्टार लावले काय आणि पन्नास लावले काय, त्या वेगाला ती टेस्ट झालेलीच नाही.

आडिवरे_टू_अंधेरी
ताई हे भारी समजावलंत. पण मग महाग गाडीला जास्त मार झेपतो असं काही आहे का नाही? म्हणजे ऐंशी लाखाची गाडी आणि पंधरा लाखाची गाडी दोघींना पाच स्टार असतील तर फरक काय राहिला?

कोर्लई_किल्लेदार
फरक ईएमआयचा 😄

जयगडची_लेक
किंमत आणि सेफ्टी यावर २०१२ ची एक गंमत सांगते. अमेरिकेत विमा कंपन्यांची आयआयएचएस म्हणून संस्था आहे, तिने त्या वर्षी नवीन टेस्ट आणली, स्मॉल ओव्हरलॅप. वेग तोच ६४, पण अडथळा कडक आणि फक्त ड्रायव्हरच्या बाजूचा २५ टक्के भाग आपटायचा. आणि पहिल्या फेरीत मुद्दाम लक्झरी आणि सेमी-लक्झरी सेडान घेतल्या, अकरा गाड्या, कारण नवीन सेफ्टी आधी महागड्या गाड्यांत येते असा सगळ्यांचा समज.

निकाल लागला आणि सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. 'गुड' फक्त दोघींना, व्होल्वो एस६० आणि अक्युरा टीएल. इन्फिनिटी जी ला 'अ‍ॅक्सेप्टेबल'. बीएमडब्ल्यू थ्री सिरीज 'मार्जिनल'. आणि सगळ्यात खालचा 'पुअर' शेरा कुणाला, तर ऑडी ए४, लेक्सस आयएस, लेक्सस ईएस आणि मर्सिडीज सी-क्लास. सी-क्लासमध्ये डमीचा, म्हणजे माणसाच्या जागी बसवलेल्या पुतळ्याचा, उजवा पाय ब्रेक पेडलखाली अडकून बसला होता. फोक्सवॅगन सीसीचा तर दरवाजाच उखडून पडला. आणि याच कंपन्यांच्या गाड्या जुन्या टेस्टमध्ये पहिल्या नंबरात यायच्या.

झालं असं की पुढच्या भागात मार पिण्यासाठी दोन लांब तुळया असतात, चाकांच्या आतल्या अंगाला. ४० टक्क्यांच्या टेस्टमध्ये निदान एक तुळई कामाला लागते. २५ टक्क्यांत अडथळा तुळईच्या बाहेरून जातो आणि सगळा जोर चाकावर, तिथून पायाशी आणि काचेच्या बाजूच्या खांबावर. जी टेस्ट परीक्षेत होती तिचा अभ्यास झाला होता, जी नव्हती ती ऑप्शनला टाकलेली. व्होल्वोवाले मात्र स्वतःच्या कारखान्यात अशी कोपऱ्याची टेस्ट १९८० च्या दशकाच्या शेवटापासून घेत होते, कुणी मार्क देणार नव्हतं तरी.

आपल्याकडे हा कोपरा रोज भेटतो हो. मोरीचा कठडा, अर्धवट राहिलेल्या पुलाचा ब्लॉक, डायव्हर्जनला ठेवलेला सिमेंटचा ठोकळा, यातलं काय गाडीच्या बरोबर मध्ये येतं? आणि ना भारत एनकॅपमध्ये ही २५ टक्केवाली टेस्ट आहे ना युरो एनकॅपमध्ये.

देवगड_हापूस_ओरिजिनल
एक नंबर माहिती. पण २०१२ म्हणजे फार जुनं झालं ताई. मी आत्ता युरो एनकॅपचे आकडे बघितले. २०१६ ला डब्ल्यू२१३ ई-क्लासला मोठ्या माणसांसाठी ९५ टक्के आणि २०२४ च्या नवीन ई-क्लासला ९२. म्हणजे जुनीच जास्त सेफ की! दादांना सांगा डोळे मिटून घ्या.

जयगडची_लेक
हाच घोळ सगळे घालतात. २०१६ चा पेपर वेगळा आणि २०२४ चा वेगळा. २०२० पासून युरो एनकॅपने समोरची टेस्टच बदलली, आता गाडी ५० ने येते आणि समोरून १४०० किलोची ट्रॉली पण ५० ने येते, दोघी अर्ध्या अर्ध्या एकमेकींवर. त्यात आपल्या गाडीतला माणूस वाचला का एवढंच बघत नाहीत, समोरच्या गाडीची किती वाट लावली त्याचे पण मार्क कापतात. त्यातून ९२ आणणं २०१६ च्या ९५ पेक्षा अवघड आहे. २०२४ मध्ये टेस्ट केलेल्या सगळ्या गाड्यांत ई-क्लासच पहिली आली होती. बाकीचे रकाने पण बघा ना, सेफ्टी असिस्टमध्ये, म्हणजे ऑटो ब्रेकिंगसारख्या धडक टाळणाऱ्या गोष्टींत, २०१६ ला ६२ टक्के, २०२४ ला ८७.

पेपर बदलला की काय होतं त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण फियाट पुंतो. २००५ ला पाच स्टार, तीच गाडी कंपनीने तशीच चालू ठेवली आणि २०१७ ला परत टेस्ट केली तर शून्य. त्यामुळे स्टारच्या शेजारचं साल वाचल्याशिवाय स्टार वाचू नये.

अजून एक, भारतात २०१७ पासून विकलेली ती ई-क्लास लाँग व्हीलबेस, चाकणला जुळलेली. युरोपात आपटली ती आखूड. सांगाडा त्याच घराण्यातला, तरी युरोपचा आकडा जसाच्या तसा इथे चिकटवता येत नाही. ऑटो ब्रेकिंग वगैरे त्या ठराविक गाडीत आहे की नाही ते पण गाडीतच बघायचं, युरोपच्या ब्रोशरमध्ये नाही.

कोर्लई_किल्लेदार
मग भारत एनकॅपमध्ये का नाही टाकत हे लोक आपल्या गाड्या?

पाना_नंबर_दहा
सक्ती नाही साहेब. ऑक्टोबर २०२३ ला भारत एनकॅप सुरू झालं ते ऐच्छिक आहे, पहिले निकाल हॅरियर आणि सफारीचे आले होते. कंपनीला वाटलं तर गाडी देते. लक्झरी घेणारा गिऱ्हाईक लोगो बघूनच सही करतो, त्याला स्टार दाखवून काय विकायचंय?

सावंतवाडी_लाकडी_आंबा
इथे मधल्या गाड्यांबद्दल पण बोला की. आमची व्हर्ना आहे, ग्लोबल एनकॅप पाच स्टार, २०२३. आम्ही खूश.

जयगडची_लेक
चांगली आहे, पण रिपोर्टचं पान उघडून बघा. व्हर्नाला ३४ पैकी २८.१८ मिळाले आणि पाच स्टार, पण बॉडीशेलपुढे, म्हणजे आतल्या सांगाड्यापुढे, लिहिलंय 'अनस्टेबल'. म्हणजे एअरबॅग, पट्टे यांनी काम नीट केलं पण करवंटीची हद्द संपत आली होती, याहून जास्त मार तिला झेपणार नाही असा त्याचा अर्थ. स्लाविया आणि व्हर्टसला २९.७१ आणि शेल 'स्टेबल'. स्टार दोन्हीकडे पाचच. मी कुणाची गाडी पाडून बोलत नाहीये, फक्त स्टारच्या खालच्या ओळी पण वाचा.

आडिवरेकर दादा, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर राहिलं होतं. अडथळ्याच्या टेस्टमध्ये गाडी स्वतःच्याच वजनाशी झगडते, त्यामुळे हलक्या गाडीचे पाच आणि जड गाडीचे पाच हे एकमेकांसमोर ठेवता येत नाहीत. खऱ्या रस्त्यावर दोन गाड्या समोरासमोर आल्या तर जड गाडी कमी थांबते आणि हलकी मागे ढकलली जाते. ई-क्लास पावणेदोन टनाच्या आसपास, स्लाविया सव्वा टनाच्या आसपास. तिथे तुमच्या दादांच्या म्हणण्यात दम आहे. पण समोर चिऱ्याने भरलेला डंपर आला तर अर्ध्या टनाच्या फरकाला काही अर्थ राहत नाही.

माडाखालचो_म्हातारो
आणि डंपर काय समोरसूनच येता? रातचो बिनलायटीचो कडेक उभो आसता तो इसारलात?

पाना_नंबर_दहा
आजोबा बरोब्बर मुद्द्यावर आले. मी गेली कित्येक वर्षं कुडाळ-कणकवली पट्ट्यात टोइंगच्या गाड्यांबरोबर जातो, सेडानचा सगळ्यात वाईट प्रकार हाच. सेडानचं नाक खाली असतं. ट्रकचा मागचा आडवा पाइप एकतर नसतोच, असला तर दोन बोल्टवर लोंबकळत असतो, कधी लोडिंगला अडचण होते म्हणून वर वळवलेला. गाडी खाली घुसते. मग पुढचा जो चुरगळायचा भाग आहे तो चुरगळतच नाही, ट्रकचा फाळका थेट काचेवर येतो. एअरबॅग उशिरा उघडते, कधी उघडत पण नाही, कारण बंपरच्या सेन्सरला धडक अशी लागतच नाही. तिथे लाखाची काय आणि कोटीची काय, सगळ्यांचे खांब सारखेच कापलेले बघितलेत. यासाठी गाडीला स्टार देणारी टेस्ट नाही. रात्रीचं निघू नका एवढंच मी गिऱ्हाईकांना सांगतो, कोण ऐकत नाही, सगळ्यांना पहाटे घाटात आणि सकाळी घरी चहाला पोचायचं असतं.

देवगड_हापूस_ओरिजिनल
आणि गुरं! हायवेवर पावसाळ्यात अख्खा कळप बसलेला असतो.

माडाखालचो_म्हातारो
बसतलीच. डांबर सुका आसता, उबदार आसता, चिलटां कमी. तुमच्या गाडीयेपेक्षा गुरां हुशार.

जयगडची_लेक
गुरांबाबतीत पण बुटक्या नाकाची गाडी मार खाते, पाय बंपरला लागतात आणि धड बॉनेटवरून काचेकडे येतं. स्वीडनमध्ये मूस नावाचं मोठं हरीण रस्त्यात येतं म्हणून व्होल्वो आणि साब वाले खोटा मूस बनवून त्याच्यावर गाड्या घालायचे. मूस आडवा आला की स्टेअरिंग कापून परत लायनीत यायचं अशी पण एक टेस्ट आहे, १९९७ ला मर्सिडीजची छोटी ए-क्लास त्यात चक्क उलटली. मग कंपनीने विकलेल्या गाड्या परत बोलावून सगळ्यांना ईएसपी बसवलं, म्हणजे गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून तिला सरळ ठेवणारी यंत्रणा. आपल्याला आज साध्या गाड्यांत पण ईएसपी दिसतं त्यामागे त्या उलटलेल्या गाडीचा मोठा हात आहे. त्यामुळे कुठलीही गाडी घ्या, ईएसपी नसलेलं व्हेरियंट घेऊ नका.

आणि आजोबा, तुम्ही सुरुवातीला चेष्टेत म्हणालात पण रस्त्यांना पण स्टार असतात बरं का. आयरॅप म्हणून कार्यक्रम आहे, रस्त्याला एक ते पाच स्टार देतो. गाडीवाल्याला वेगळे, मोटारसायकलवाल्याला वेगळे, चालणाऱ्याला वेगळे.

माडाखालचो_म्हातारो
चालणाऱ्याक वेगळे? मग आमच्या तिठ्यार उणे दोन लिवा.

आडिवरे_टू_अंधेरी
😂😂 दादांना धागा वाचायला दिला. ते म्हणतात ठीक आहे, पण मी पुढे बसतो, मला पुढचे सगळे मार्क आहेत. आई आणि पोरं मागे असतात, मागे तर सेफच असतं.

जयगडची_लेक
इथे मात्र दादांना खाली बसवा जरा.

मागची सीट सेफ हे जुन्या काळचं. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुढच्या सीटवर कंपन्यांनी जीव ओतला, धडकेच्या क्षणी पट्टा खेचून घट्ट करणारा प्रीटेन्शनर आला, मग बरगड्या मोडू नयेत म्हणून पट्टा थोडा सैल सोडणारा लोड लिमिटर आला, एअरबॅगा आल्या. मागे बऱ्याच गाड्यांत नुसता साधा पट्टा राहिला. आयआयएचएसने २०२२ पासून समोरच्या टेस्टमध्ये ड्रायव्हरच्या मागे एक छोटी डमी बसवायला घेतली, बुटकी बाई किंवा बारा वर्षांचं मूल एवढी. २०२३ ला मिडसाइझ गाड्या आपटल्या तर 'गुड' एकट्या होंडा अकॉर्डला. कॅमरीला 'मार्जिनल', सोनाटाला 'पुअर'. या गाड्यांच्या पुढच्या सीटचे मार्क कधीच वाईट नव्हते.

त्यामुळे सेकंडहँड लक्झरी बघताना ब्रोशरमधला एअरबॅगांचा आकडा मोजत बसू नका, मागच्या दोन्ही कडेच्या पट्ट्यांना प्रीटेन्शनर आणि लोड लिमिटर आहे का ते विचारा.

आणि हे सगळं पट्टा लावला तर. सप्टेंबर २०२२ मध्ये चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले. ती गाडी मर्सिडीज जीएलसी, सेडान नाही पण युरोपात पाच स्टारवाली. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले, मागच्यांनी पट्टे लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. आपल्या पालघरातलीच गोष्ट. सरकारी रिपोर्टमध्ये २०२२ साली पट्टा न लावल्यामुळे गेलेल्यांचा आकडा १६,७१५ आहे, त्यात ८,३३१ ड्रायव्हर नव्हते, बाजूला किंवा मागे बसलेले होते.

सावंतवाडी_लाकडी_आंबा
ताई पण मागे पट्टा लावायला बक्कलच सापडत नाही हो. सीट कव्हरच्या खाली गेलेली असतात. आणि आमच्या सासूबाईंना पट्टा लावा म्हटलं की म्हणतात मी काय विमानात बसलेय.

काजूगर_वेंगुर्ला
आमच्याकडे तर गणपतीला मागच्या सीटवर चार माणसं, एक पोर मांडीवर, मधल्याच्या पायाशी मखराचं सामान आणि मागच्या काचेपाशी नारळाची पिशवी. पट्टा कुणाला लावणार आणि कुठून. धडक बसली तर आधी नारळच येऊन डोक्यात बसतील.

पाना_नंबर_दहा
सीट कव्हरवर बोलतो. पुढच्या सीटच्या कडेला 'एअरबॅग' अशी छोटी पट्टी शिवलेली असते, म्हणजे साइड एअरबॅग सीटच्या आत आहे. लोक त्याच्यावर जाड रेक्झिनचं कव्हर चढवतात, पक्की शिलाई मारून. मग ती एअरबॅग फुटणार कुठून? उसवणारी शिलाई असलेलं कव्हर घ्या नाहीतर कव्हरच नको. पोरं मांडीवर तर अजिबात नको, ६४ च्या धडकेत दहा किलोचं पोर कुठल्याही बापाच्या हातात राहत नाही, पैलवान असला तरी. आयसोफिक्सची कडी मागच्या सीटच्या फटीत असते, हात घालून बघा, त्याच्यात चाइल्ड सीट अडकते.

आता सेकंडहँड गाडीचं माझ्या कामातलं सांगतो, कारण टेस्टला गाडी नवी कोरी आपटतात आणि तुम्ही घेताय जुनी.

पहिलं गंज. मुंबईत खाडीकाठच्या सोसायटीत उघड्यावर उभी राहिलेली गाडी असेल किंवा आपल्याकडे समुद्राला लागून, तर ती खालून बघायची. वॉशिंग रॅम्पवर चढवा, दरवाजाखालचा जो लांब उंबरा आहे तो स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. टणटण वाजला तर ठीक, भदभद वाजला तर आत गंज आहे आणि साइडने मार बसला की तो उंबरा काही धरणार नाही. वरून अंडरकोटिंगचा काळा थर ताजा मारलेला दिसला तर संशय घ्या.

दुसरं पाणी. जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात किती गाड्या बुडाल्या ते सगळ्यांनी बघितलं, मुंबईत तर दर दोन-तीन वर्षांनी. त्या गाड्या कुठे जातात? धुऊन पुसून बाजारात. एअरबॅगचा कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत दोन सीटच्या मध्ये जमिनीलाच असतो, म्हणजे पाणी आधी त्याच्यात. पुढच्या सीटखाली वाकून मोबाईलचा टॉर्च मारा, पिवळे कनेक्टर दिसतील, पिवळं म्हणजे एअरबॅग आणि प्रीटेन्शनरचं. त्यांच्या पिना हिरव्या झाल्या असतील तर गाडी कुठलीही असो, सोडा. सीटबेल्ट पूर्ण बाहेर खेचा, अगदी शेवटपर्यंत, मातीची रेघ तिथे सापडते, तिथपर्यंत कुणी धूत नाही.

तिसरं, चावी ऑन केल्यावर डॅशवर एअरबॅगचा लाल दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांनी विझला पाहिजे. लागतच नसेल तर बल्ब काढलाय किंवा काहीतरी जुगाड केलाय. आधी फुटलेल्या एअरबॅगच्या जागी नुसता रेझिस्टर लावून झाकण चिकटवलेल्या गाड्या मी स्वतः उघडल्यात.

जयगडची_लेक
यात कुणी अजून जुनी लक्झरी बघत असेल, २००० ते २०१० च्या दशकातली, तर टकाटा नावाच्या कंपनीच्या एअरबॅगचं तपासा. त्यात अमोनियम नायट्रेट होतं, उष्ण आणि दमट हवेत ते वर्षानुवर्षं राहिलं की खराब होतं आणि एअरबॅग उघडताना आतला धातूचा डबाच फुटून तुकडे अंगावर येतात. जगातला सगळ्यात मोठा रिकॉल तो, कंपनी २०१७ ला दिवाळखोरीत गेली. स्वस्त गाड्या पण होत्या त्यात आणि बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी पण. उष्ण दमट हवा म्हणजे आपलं अख्खं कोकण. चॅसिस नंबर देऊन कंपनीकडून रिकॉलचं काम झालंय का ते लेखी घ्या.

आडिवरे_टू_अंधेरी
अपडेट देतो. काल दादांबरोबर नवी मुंबईतल्या एका डीलरकडे ती गाडी बघायला गेलो, नाव घेत नाही. पाना दादांनी सांगितलं ते सगळं केलं. उंबरा ठणठणीत वाजला. बेल्ट पण स्वच्छ. चावी ऑन केली तर बाकी सगळे दिवे लागले, एअरबॅगचा नाही. मी परत ऑफ-ऑन करायला सांगितलं, तरी नाही. तिथला पोरगा म्हणाला सर या मॉडेलला तो दिवा नसतोच, डायरेक्ट ग्रीन येतो. दादांनी मग तिथेच उभ्या दुसऱ्या ई-क्लासची चावी मागितली, तिच्यात लागला आणि विझला. पोरगा चहा आणायला गेला तो आलाच नाही.

कोर्लई_किल्लेदार
चहा अजून उकळतोय 😂

पाना_नंबर_दहा
ती गाडी पुढून ठोकलेली असणार. ड्रायव्हर साइडच्या डॅशबोर्डची शिवण आणि पॅसेंजर साइडची शिवण रंगाला सारखी होती का बघितली?

आडिवरे_टू_अंधेरी
तेवढं नाही बघितलं. टोकन दिलं नव्हतं ते बरं. आता दादा काय म्हणतात ऐका, दुसरी ई-क्लास, जिचा दिवा लागला, ती कितीला देतात विचार. म्हणजे स्लाविया काही येत नाही घरात. मी एवढंच कबूल करून घेतलंय की सीट कव्हर लावायचं नाही, दोन्ही पोरांना आयसोफिक्सच्या सीट आणि आईच्या बाजूचं बक्कल मी स्वतः बाहेर काढून ठेवणार. आईचं म्हणणं पट्टा गळ्याला कापतो.

जयगडची_लेक
उंची कमी असेल तर मागे वरचा पट्टा मानेवर येतोच. मागे बहुतेक गाड्यांत उंचीची अ‍ॅडजस्टमेंट नसते. पाठीला टेकून ताठ बसवा, पट्टा खांद्याच्या मध्यावरून यायला हवा, आणि खालचा कमरेच्या हाडावरून, पोटावरून नाही. काखेखालून घेऊ देऊ नका, लोक सर्रास घेतात, त्याने बरगड्या जातात.

पाना_नंबर_दहा
दुसरी गाडी पण टोकनच्या आधी उचलून बघायची. कुडाळला आणणं शक्य नसेल तर पनवेलला माझा एक ओळखीचा आहे, मेसेज करतो. आणि टायरचं साल बघा, बाजूवर चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. पाच-सहा वर्षांच्या वरचे असतील तर किमतीतून चार टायर कापून घ्या, ब्रेक कितीही भारी असले तरी गाडी शेवटी टायरवरच थांबते.

माडाखालचो_म्हातारो
गाडी घेतलास की आधी माका फिरवून आण. पट्टो लावतंय मी, गळ्याक कापलो तरी चलात.